श्रीमती उत्पन्नमर्यादा यांस अनावृत पत्र

श्रीमती वार्षिक कुटुंब-उत्पन्नमर्यादा, रुपये ५०,००० मात्र, यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या दप्तरात दिव्यांगांच्या वाट्याला आपण आलात, आणि आपल्या उंबरठ्याअलीकडे जो राहील त्यास दरमहा २,५०० रुपये व पलीकडे ज्याचे पाऊल पडेल त्यास शून्य, असा आपला निःपक्षपाती न्याय आहे. त्या न्यायाचा प्रसाद नुकताच आमच्या एका शेजाऱ्यास मिळाला, म्हणून हा पत्रप्रपंच.

सदरहू इसम शिलाई करतो. पोलिओने पाय लुळा पडल्यामुळे मशीन पायाने चालत नाही, म्हणून त्याने तिला मोटार जोडली आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करताना त्याने खरे लिहिण्याचा प्रमाद केला: झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, राजे-प्रधानांचे अंगरखे शिवून महिन्याकाठी ५,००० रुपये हाती येतात, पावसाळ्यात, धानाच्या रोवणीसाठी सारा सावली तालुका चिखलात उतरलेला असताना, सदऱ्याचे बटण लावून घ्यायलाही कोणी फिरकत नाही. या कैफियतीतील उत्तरार्ध वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. पूर्वार्धातले पाच हजार तेवढे उचलले गेले, त्यांना बाराने गुणले गेले, आणि साठ हजारांचा हा कुबेर ‘अपात्र’ असा शेरा घेऊन घरी परतला. दोरा, अस्तर, सुया, विजेचे बिल, मोटारीची दुरुस्ती आणि नाटक मंडळ्यांकडे थकलेली उधारी यांपैकी एक छदामही वजा झाला नाही, कारण वजावटीस रकानाच नव्हता. लाखांची उलाढाल करणारा व्यापारी दुकानाच्या भाड्यापासून मुनिमाच्या पगारापर्यंत सारा खर्च वजा घालून, उरेल त्या नफ्यावर आयकर भरतो. आणि एका पायाच्या शिंप्याला मात्र त्याच्या दोऱ्याचे रीळसुद्धा उत्पन्न म्हणून मोजून दाखवले जाते!

बरे, हिशोब अचूक झाला असता तरी काय? ज्याच्या घरात वर्षाला ५०,००० येतात त्याला अनुदानाचे ३०,००० मिळतात. ज्याने एक रुपया अधिक कमावला त्याचे ते तीसही हजार जातात. अमेरिकेतसुद्धा, जिथे गरिबाचे लाड होतात असे कोणी म्हणणार नाही, निर्धन अपंगाच्या मासिक कमाईतले पहिले ६५ डॉलर सोडून देतात आणि उरलेल्यातला निम्माच भाग मदतीतून कापतात. याच सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनास गांधीजी आले होते, याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी समाजाने टाकलेल्या माणसांच्या हाती भिक्षापात्राऐवजी अवजार दिले. तिथे आज अपंगाने अवजार हाती धरले, तर तो त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

सेतू केंद्रावरचे पोरगे त्याला कळवळून म्हणाले, “काहून लिवलं बा ते शिलाईचं? काहीच करत नाही म्हून लिवाचं ना!” त्या पोराचा मला राग येत नाही. राग येतो तो हा मानभावी कारभार चालवणाऱ्यांचा: स्वयंघोषणापत्रावर खोट्याबद्दल शिक्षेची धमकी छापायची, आणि शिक्षा करायची ती खऱ्याला! लाज नावाची वस्तू मंत्रालयाच्या कोणत्या मजल्यावर ठेवली आहे, ते तरी सांगा.

क्षमा असावी, बाईसाहेब. आपल्यावर ओरडून उपयोग नाही. अनुदान हजाराचे दीड हजार झाले, दीड हजाराचे अडीच हजार झाले, आपण मात्र होतात तिथेच आहात. ना महागाई भत्ता, ना वेतन आयोग. आपली थोरली बहीण, रुपये २१,००० मात्र, विधवांच्या आणि अनाथांच्या दारावर अजून उभी आहे; अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेही नाहीत, असा तिचा हिशोब. आपला १३७ रुपयांचा. तेवढ्यात चार माणसांचे घर चालवून दाखवा असे आपणांस कोणी सांगितले असते, तर आपणही कुणाच्या तरी दारी अर्ज घेऊन उभ्या राहिला असतात, आणि तिथेही आपल्या आकड्याला बाराने गुणणारा कोणी भेटलाच असता.

यंदाच्या हंगामाची शिलाई शेजाऱ्याने घेतली आहे, पावतीपुस्तक मात्र बंद केले आहे. पुढील अर्ज भरून देण्याचे सेतूवरच्या पोराने कबूल केले आहे. अपात्रतेचा शेरा मागे घेण्याची दरखास्त सोबत जोडली आहे. तीत दोऱ्याचा खर्च वेगळा दाखवला आहे, रकाना हाताने आखून.

कळावे. लोभाची अपेक्षा नाही.

आपला,
एक सावलीकर