थांबा, पान काढतो

गाईडराव तुमच्या ओळखीचे आहेत. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, पण आहेत. घरात नवा मिक्सर आला, खोबरं-मिरच्या चिरून तयार आहेत, सगळे चटणीची वाट बघताहेत, आणि एक माणूस पुस्तिका उलगडून ‘पहिल्या वापरापूर्वी’पासून मोठ्याने वाचायला बसलाय, तो हा. आमचे गाईडराव बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळ कोल्हापूरचे. आयुष्यातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “थांबा, पान काढतो.”

गेल्या श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींना पुढे विद्यारण्यपुराला एक आणि जक्कूरला एक अशा दोन पूजा उरकायच्या होत्या. चौथा अध्याय संपवून ते सराईतपणे आरतीकडे वळले. यजमान सोवळ्यात, आणि मांडीखाली पोथीची स्वतःची प्रत!

“गुरुजी, पाचवा राहिला.”

“तो मनातल्या मनात झाला.”

“असा कसा? थांबा, पान काढतो.”

काढलं. तुंगध्वज राजाने प्रसाद नाकारला म्हणून त्याची काय गत झाली ते सविस्तर ऐकेपर्यंत आम्हालाच प्रसाद मिळेना. शिऱ्याची वडी पडायची वेळ आली.

असा माणूस व्हिडिओ गेमची गाईडं विकत घेतो, यात नवल ते काय! हॉलमधल्या कपाटाचे दोन कप्पे त्यांनी भरलेत. प्रत्येकाला खाकी कव्हर, कव्हरावर पांढरं लेबल, लेबलावर नाव, विषय आणि तुकडी. विषय: एल्डन रिंग, खंड पहिला. तुकडी: प्लेस्टेशन. दहावीला ‘२१ अपेक्षित’ आणि नवनीतच्या जोरावर तरलेला माणूस पुढे कितीही शिकला, लठ्ठ पगारावर लागला, तरी खाकी कव्हर काही सुटत नाही.

आता एल्डन रिंगचं हे गाईड म्हणजे फरशीसारखे जाडजूड खंड, परदेशातून मागवलेले, किंमत जवळपास खेळाइतकीच. मी एकदा सरळच विचारलं, “अहो, हे सगळं नेटवर फुकट आहे. गेमफॅक्ससारख्या ठिकाणी १९९५ पासून लोक फुकटात लिहून ठेवताहेत. शिवाय खेळ येतो, त्यावर अपडेट येतात, एखादी तलवार कंपनी बोथट करते, एखादा मंत्र महाग करते. पुस्तकातला आकडा मात्र छापला तसाच.”

गाईडराव दुखावले नाहीत. “थांबा, पान काढतो,” म्हणाले आणि पान काढून दाखवलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात सगळे नवे आकडे लिहिलेले, खाली तारीखसुद्धा.

“हे कुठून मिळाले?”

“नेटवरून.”

यावर काय बोलणार?

त्यांच्याकडे फायनल फँटसी ९ चं अधिकृत गाईड आहे, २००० सालचं. कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं तेव्हा त्यांना लॉटरी लागल्याचा आनंद झाला होता. गाईडांच्या इतिहासात हे पुस्तक बदनाम आहे, कारण ऐन मोक्याच्या जागी पानात एक चौकट येते आणि सांगते की पुढची माहिती हवी असेल तर आमच्या संकेतस्थळावर जा आणि हा शब्द टाका. म्हणजे पैसे मोजून गाईड घ्यायचं आणि त्याने तुम्हाला दुसऱ्या गाईडाचा पत्ता द्यायचा. बरं, ती संकेतस्थळावरची पानंही कधीच बंद पडली. मला वाटलं, आता तरी हा गडी शरण येईल. ते पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले, “पण कागद बघा की.”

चीट कोडचं नाव काढलेलं मात्र त्यांना खपत नाही. आमच्या चिरंजीवांनी व्हाइस सिटी या खेळात ‘पँझर’ टाइप करून भर रस्त्यात रणगाडा उतरवला, तेव्हा गाईडरावांनी त्याला शेजारी बसवून समजावलं होतं. “बाळा, गाईड म्हणजे अभ्यास. चीट म्हणजे कॉपी.” “आणि यूट्यूब, काका?” पोराने विचारलं. गाईडराव विचारात पडले. “शेजारच्याच्या पेपरात बघणं,” ते शेवटी म्हणाले.

२०१८ च्या नोव्हेंबरात एक बातमी आली. प्रायमा गेम्स ही १९९० पासून गाईडं छापणारी अमेरिकन कंपनी, जिच्यात ब्रॅडीगेम्स ही तिची प्रतिस्पर्धी २०१५ मध्येच विलीन झाली होती, आपला व्यवसाय गुंडाळणार. कारण उघड होतं: फुकटात मिळतंय ते विकत कोण घेणार? त्या दिवशी गाईडरावांकडे तांबडा-पांढरा रस्सा होता आणि आम्हाला जेवायला बोलावलं होतं. गाईडराव पाटावर बसले आणि पांढऱ्या रश्शाला शिवले नाहीत. वहिनींनी आमच्याकडे बघून हळूच खूण केली, की आज विषय नको. मी नळी फोडत गप्प राहिलो. दुःखात सहभागी व्हायला मटण आड येत नाही.

हेच गाईडराव येलहंक्यात अकरा वर्षं राहून मदर डेअरीकडून संते सर्कलला जाताना चुकतात. न्यू टाउनातले सेक्टर, फेज, मेन आणि क्रॉस यांचं गणित त्यांच्या डोक्यात बसतच नाही, कारण त्याचं गाईड निघालेलं नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, “अहो, इथल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये अख्खं बेंगळुरू वसवलं. त्याच्याकडे होतं का गाईड?”

“नव्हतं ना,” गाईडराव म्हणाले. “म्हणून तर हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकतोय आपण.”

पण त्यांची खरी साधना बघायची तर ब्रेथ ऑफ द वाइल्डचं गाईड उघडून बघा. २०१७ चा खेळ. निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, तेव्हा यंत्र मेव्हण्याने सिंगापूरहून आणलं आणि गाईडही त्याच बॅगेतून आलं. या खेळात कोरोक नावाचे रानातले बुटके जीव लपलेले असतात, पानाचा मुखवटा घातलेले. दगड उचला, झाडाच्या शेंड्यावर चढा, की एखादा निघतो आणि एक बी देतो. बिया दिल्या की तुमची थैली मोठी होते. असे कोरोक आहेत ९००. थैली पूर्ण मोठी व्हायला बिया लागतात ४४१. उरलेल्या ४५९ चा उपयोग शून्य. आणि नऊशेच्या नऊशे गोळा केल्या तर बक्षीस म्हणून सोन्याचा एक ढीग मिळतो. तो कशाचा ढीग आहे हे या मासिकात छापता येणार नाही, पण आकारावरून शंका राहत नाही. काम त्याचं काहीच नाही. खेळ बनवणाऱ्यांनी केलेली थट्टा आहे ती.

गाईडरावांच्या प्रतीत नऊशेच्या नऊशे ठिकाणांवर पेन्सिलीची खूण आहे.

“बक्षीस काय आहे ते माहीत होतं?”

“होतं की. पुस्तकातच आहे. थांबा, पान काढतो.”

“पान राहू द्या. माहीत होतं तर ४४१ वर थांबायचं!”

“राव,” ते माझी कीव करत म्हणाले, “पोर्शन अर्धा सोडतात का?”

एवढं सगळं झाल्यावर मला वाटायचं की हा माणूस खेळतही तसाच तरबेज असणार. तो समज एका फेब्रुवारीत गेला. दर दोन वर्षांनी इथल्या हवाई दलाच्या तळावर एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं आणि त्याआधी आठवडाभर विमानांच्या तालमी चालतात. डोक्यावरून विमान गेलं की येलहंक्यात संवाद अर्ध्यात तुटतो. त्या आठवड्यात शेजारून रोज संध्याकाळी गाईडरावांचा आवाज टिपेला जायचा: “डावीकडे! धबधब्याच्या मागे! मागे म्हणजे मागे गं!” भांडण समजून मी बेल वाजवली. आत त्यांची लेक, नववीतली, जमिनीवर बसून खेळत होती. गाईडराव मागे खुर्चीत, मांडीवर पुस्तक, पुढच्या ओळीवर फूटपट्टी ठेवलेली, म्हणजे पुढचं रहस्य चुकून वाचलं जाऊ नये. त्यांना स्वतःला खेळता येत नाही. कंट्रोलर हातात घेतला की त्यांचा नायक पहिल्या कड्यावरून खाली. नऊशे खुणा त्यांच्या, नऊशे कोरोक लेकीचे.

मग वहिनींनी चहाबरोबर बाकीचं सांगितलं. नव्वदीत कोल्हापुरात गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरला अर्ध्या तासाचे पैसे लागायचे आणि ते यांच्याकडे नसायचे. हे दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभे राहायचे. काँट्राचा तो प्रसिद्ध कोड, वर-वर-खाली-खालीने सुरू होणारा, ज्याने तीस जीव मिळतात, यांनी कुठून तरी मिळवून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. ते पान दाखवायचं आणि बदल्यात एक जीव खेळायला मिळायचा. तीसमधला एक. (चीट म्हणजे कॉपी हे तत्त्वज्ञान तेव्हा तयार झालेलं नव्हतं.) तो एक जीवही लगेच जायचा, पण मागे उभं राहून सांगायची जागा मात्र त्यांची कायमची पक्की झाली.

लेक आता पुण्याला हॉस्टेलवर आहे. यंत्र ती घेऊन गेली, गाईडं कपाटात राहिली. तिच्या हातात फोन आहे, दहा सेकंदांत सगळं सापडतं. तरी रविवारी रात्री नऊच्या सुमारास भिंतीपलीकडे स्पीकरवर तिचा आवाज येतो: “बाबा, अडकलेय. पान काढ ना.” आणि गाईडराव, ज्यांना हे पान आता झोपेतही पाठ असेल, मुद्दाम वेळ लावून ते शोधतात. मध्ये मेसच्या भाजीची चौकशी होते, सबमिशनची होते, सर्दीची होते. मग पान सापडतं.

तेव्हा गाईड विकत घ्यावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. एकटेच खेळत असाल तर मुळीच घेऊ नका. नेटवर ताजी माहिती आहे, तीही फुकट. घरात एक खेळणारा आणि एक वाचून दाखवणारा असेल तर घ्या. खेळ जुना असेल तर पुस्तकही जुनंच शोधा, आणि फायनल फँटसी ९ चं समोर आलं तर पुढे चालू लागा. गाईडरावांकडे उसनं मात्र मागू नका. मी मागितलं होतं. म्हणाले, “इथंच बसून वाचा की.”