अद्याप ओळख न पटलेल्या साहेबांस खुले पत्र

परमपूज्य साहेबांच्या चरणी सिल्लोडच्या एका पामराचा शिरसाष्टांग दंडवत.

पत्रास कारण की, आपलं नाव मला ठाऊक नाही. आपण एकटे आहात की चार-पाच जण, हेही नाही. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी नाशिकजवळच्या एका हत्याकांडाच्या खटल्यातल्या सहा जणांची निर्दोष मुक्तता केली आणि जाता जाता महाराष्ट्र शासनाला फर्मावलं की, ज्यांच्या हलगर्जीपणामुळे खरे गुन्हेगार मोकळे राहिले त्या अधिकाऱ्यांना तीन महिन्यांत हुडकून काढा. ते आपण. एवढ्या मोठ्या निकालात आपली सन्मानाने आठवण निघाली, पण नाव नाही. असा विनय हल्ली कुठे बघायला मिळतो?

ज्यांना आपण आत घातलंत ते सहा जण जालना जिल्ह्यातले. आमच्या सिल्लोडची शीव त्याच जिल्ह्यातल्या भोकरदनला लागते, तेव्हा शेजारीच म्हणायचे. शेजाऱ्यांसाठी आपण एवढं केलंत, तर निदान पत्र लिहून आभार मानावेत, असं मनात आलं.

सर्वांत आधी आपल्या काटकसरीबद्दल. 5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाणला एका घरात पाच जण मारले गेले. घरातल्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला. ती माउली वाचली. 7 जूनला तिला पोलिसांकडचा फोटोंचा अल्बम दाखवला गेला, तेव्हा तिने चार फोटोंवर बोट ठेवलं. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाबही झाला. चार चेहरे, तेही पोलिसांच्याच दप्तरातले! दुसरा एखादा उतावळा अधिकारी असता तर त्याच पावली जीप काढून निघाला असता. केवढं डिझेल जळलं असतं! आपण अल्बम मिटलात.

ते चौघे गुन्हेगार होते की नव्हते, हे मी सांगू शकत नाही. ते शोधायला सरकारने आपल्याला नेमलं होतं. त्यांच्या बाबतीत तपासच झाला नाही, असं निकालात म्हटलंय. मी तरी त्याला संयम म्हणेन.

मग आपण माणसं निवडलीत, आणि काय निवडलीत! सहाही भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून खाणारे. वकील शोधायला ओळख लागते, ओळखीला पत्ता लागतो, आणि पत्त्याला एका जागी चार वर्षं टिकलेलं घर. ह्यातलं काहीच ज्याच्यापाशी नाही, त्याला पकडण्यात जोखीम कसली? या बाबतीत आपल्याला फार श्रेय देता येणार नाही, क्षमा असावी. इंग्रजांनी 1871 साली जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 साली गेला, पण त्याची शिकवणी अजून चालू आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागातही गावाबाहेर पालं पडली आणि त्याच रात्री कुणाची शेळी गेली, की पोलीस यायच्या आधीच गावाचा निकाल लागलेला असतो. आपण फक्त त्यावर सरकारी शिक्का मारलात.

पुढची कामगिरी तर थक्क करणारी. ज्या माउलीने आधी चार फोटो ओळखले होते, तिनेच पुढे या सहा जणांना ओळखलं. आधीच्या जबाबाचं काय, हा प्रश्न कुणी नेटाने विचारला नाही. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेपेवर आणलं. तेवढ्यानेही शासनाला चुटपुट लागली, अपील झालं, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे दहा वर्षांनी ज्याने सहाही जणांना सोडलं त्याच न्यायालयाने, त्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेलं. तीन न्यायालयं आणि तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर आपल्या तपासाला दाद! गणिताच्या पेपरात पहिलीच ओळ चुकली तरी उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळावेत, तसं झालं. आमच्या शाळांत अशी सवलत नाही.

या सहांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे ठरलं 2012 साली, म्हणजे फाशी ऐकून सहा वर्षं झाल्यावर. आपण त्याचं वय विचारलं नव्हतंत का, असं मी विचारणार नाही. एवढ्या कामात दाखला बघायला सवड कुठली?

नाहीतर पुण्याचं उदाहरण घ्या. 19 मे 2024 ला कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. त्याचं वय मात्र सगळ्यांना लगेच आठवलं. त्याच दिवशी जामीन झाला, अटींमध्ये अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. लोक खवळले तेव्हा निर्णय बदलला आणि तीन दिवसांनी त्याची निरीक्षणगृहात रवानगी झाली, ही गोष्ट वेगळी. मुलांना सुधारायची संधी द्यावी, हे मला मनापासून पटतं. कायदाही तेच सांगतो. पण जालन्याच्या पोराला निबंधाचा विषय द्यायला तेव्हा कुणालाच सुचलं नाही. त्याला थेट फाशीच सुनावली. हस्ताक्षर चांगलं नसेल कदाचित.

असो. आपल्या कृपेने या सहांचं पुनर्वसनही झालं. न्यायालयाने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यायला सांगितले, शासनाने ते चार आठवड्यांत नाशिकच्या सत्र न्यायालयात भरायचे होते. जवळपास 16 वर्षं आत, त्यातली बरीचशी फाशीच्या सावलीत. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला: दिवसाला सुमारे 86 रुपये पडतात. त्या साली रोजगार हमीवर दोनशेच्या वर मजुरी मिळत होती, पण तिथे उन्हात खड्डे खणावे लागतात. इथे दोन्ही वेळचं जेवण सरकारी, वर छप्पर, बाहेर पहारा. आत गेले तेव्हा ऐन तारुण्यात होते, बाहेर आले तेव्हा त्या वयाचं काहीच उरलं नव्हतं. आता कुणी कामाला ठेवताना विचारतं, आधी कुठे होतास? निर्दोष होतो म्हणून आत होतो, हे पटवून देताना माणसाची केवढी करमणूक होत असेल!

एक मात्र आपलं विसरायला झालं. ती माउली. तिच्या घरात पाच माणसं मारली गेली, तिने दोनदा पोलिसांवर विश्वास ठेवला, आणि 16 वर्षांनी तिला कळलं की, ज्यांना फाशी होणार होती ते खरे गुन्हेगार नव्हतेच. तिच्या आणि न्यायाच्या मध्ये आपण इतक्या शांतपणे उभे राहिलात, की तिला आपली पाठसुद्धा दिसली नसेल. तिच्या गुन्हेगारांना आपण जे अभय दिलंत, तेवढं तर गावातले पुढारीही देऊ शकत नाहीत.

आता शेवटची, नाजूक विनंती. न्यायालयाने आपल्यावर खातेनिहाय कारवाई करायला सांगितलं, पण अट घातली: आपण अजून नोकरीत असाल तर. किती समंजस अट! सहा जणांसाठी फाशी, आपल्यासाठी खातेनिहाय. त्यातही निवृत्त झाला असाल तर तीही नाही. निवृत्तिवेतन दरमहा वेळेवर येत असेलच, त्याला तीन न्यायालयं पार करावी लागत नाहीत.

म्हणून विचारतो, रागावू नये. आपण नोकरीत आहात की निवृत्त झालात, एवढं एका ओळीत कळवावं. सही नसली तरी चालेल. आपल्यासाठी आम्ही अल्बमही मागवणार नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक सिल्लोडकर

ता. क. : पत्त्याच्या जागी काय लिहावं, ते सुचेना. पाकिटावर फक्त ‘मा. तपास अधिकारी’ एवढंच लिहिलं, तर टपाल खात्याला आपल्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, याचा आपल्याला अंदाज असेलच.