पलूसमधलं 2009 साल

आमच्या घरात द्राक्षाच्या हिशेबाचा वाद बागेपेक्षा जुना आहे. व्यापाऱ्यानं किती पेट्या उचलल्या, उचल किती दिली, बाकी किती राहिली, हे आबांच्या वहीत एक असतं, माझ्या एक्सेलमध्ये दुसरं आणि व्यापाऱ्याच्या डोक्यात तिसरं. सांगलीला डिप्लोमा करणारी भाची सुट्टीला पलूसला आली आणि तिनं हा वाद कायमचा मिटवायचं मनावर घेतलं.

"मामा, पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या की झालं. फक्त पांडाज टाकायला लागंल."

आबांनी आधी पायथॉन ऐकलं, मग पांडा ऐकलं आणि चहाचा कप उचलून ते ओसरीवर जाऊन बसले.

पायथॉन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, तिनं पेनड्राइव्हवर आणलं होतं. पांडाज हे तक्त्यांच्या हिशेबाचं तयार पॅकेज मात्र इंटरनेटवरून आणायचं होतं. ही आणायची-बसवायची हमाली पिप नावाचा प्रोग्रॅम करतो. इयान बिकिंग या गृहस्थानं तो 2008 मध्ये काढला. माल येतो पायपीआय नावाच्या कोठारातून. तिथं पाच लाखांहून जास्त पॅकेजं आहेत आणि सगळी फुकट. फुकट म्हटल्यावर आबा ओसरीवरून परत आत आले.

पहिल्या झटक्याला संगणकानं पिपला ओळखच दाखवली नाही. असला कुठला हुकूम आपल्याला माहीत नाही, म्हणाला. कारण किरकोळ होतं. पायथॉन बसवताना पहिल्याच खिडकीत तळाला एक चौकोन असतो. त्यात टिक केली तरच पायथॉन कुठं राहतो ते विंडोजला कळतं, आणि तो चौकोन मुळात रिकामा असतो. ज्याच्यावाचून अडतं तेच रिकामं ठेवायचं, हे कुठल्या थोर डोक्यातून निघालं असेल ते असो. भाचीनं आधी 'पाय', मग 'डॅश एम', मग 'पिप' असं लिहून ती वाट काढली.

मग पडद्यावर लाल अक्षरांचा पूर आला. शेवटची ओळ अशी की, पांडाजची एकही आवृत्ती उपलब्ध नाही. अख्खं जग वापरतं ते पॅकेज, आणि कोठारात एकही नाही! पायथॉनचं नाव ज्या मॉण्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीवरून पडलं, त्यांचं 1972 मधलं एक प्रहसन आहे. गिऱ्हाईक चीजच्या दुकानात एकेक प्रकार मागतं, दुकानदार प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कळतं की दुकानात चीजच नाही. पायपीआयचं जुनं टोपणनाव 'चीज शॉप' असं आहे. थट्टेत ठेवलेलं नाव आमच्या माजघरात खरं ठरत होतं.

फोनवरून सल्ले सुरू झाले. हिंजवडीतल्या पुतण्यानं सगळं उडवून परत टाकायला सांगितलं. त्याच्या मित्रानं नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं. तिसऱ्यानं फारच सोपं सांगितलं: पिपला म्हणावं, सर्टिफिकेट तपासूच नकोस, सरळ विश्वास ठेव. म्हणजे समोरचा कोण, कुठला, हे न विचारता व्यवहार करायचा. द्राक्षाच्या व्यापाऱ्यांबाबत आमच्या भागानं हा प्रयोग केलेला आहे. त्यातले काही व्यापारी अजून सापडायचे आहेत. मी तो सल्ला बाद केला.

शेवटी शेजारचे तात्या आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये इथल्या माळावर कारखाना काढला, तेव्हापासून पलूस-कुंडल पट्ट्यात बिघडलेली वस्तू बघून गप्प बसणारा माणूस मिळणं अवघड झालंय. तात्या तर निवृत्त फिटर.

"पोरी, शेवटची वळ काय वाचत बसलीस? पयली वाच."

पहिली ओळ सांगत होती की समोरच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. तात्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. 1 जानेवारी 2009.

संगणकाचं चुकलं नव्हतं. सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि 2009 सालात बसलेल्या माणसाला आजचा कागद बनावटच वाटणार. गंमत अशी की, त्या जानेवारीत विंडोज 7 सुद्धा बाजारात आलं नव्हतं आणि हा पठ्ठ्या विंडोज 10 चालवत होता.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा सेल कधीच मेला होता. तरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू राहिलं असतं तर तारीख टिकली असती. पण वीजबिलाच्या धास्तीनं आबा रोज रात्री ते बटण बंद करतात, त्यामुळं आमच्या घरात रोज सकाळी 2009 उजाडत होतं. इंटरनेटवरून विंडोज वेळ दुरुस्त करून घेतं हे खरं, पण फरक फार मोठा असला तर बऱ्याचदा हातच लावत नाही.

"तारीख चुकीची आहे हे मला ठाऊक होतं," आबा म्हणाले. "पण कॅलेंडर भिंतीवर आहे की."

घड्याळवाल्याकडून सेल आणला, तात्यांनी डबा खोलून बसवला, तारीख लावली. पिपनं पांडाज आणलं आणि त्याच्याबरोबर न मागता नमपाय नावाचं त्याला लागणारं पॅकेजही आणलं. हिशेब झाला. आबांची वही बरोबर निघाली, माझं एक्सेल चुकलं. वाद मिटलेला नाही.

तुमचा डेस्कटॉप जुना असेल आणि पिप सर्टिफिकेटवरून कुरकुरत असेल, तर पायथॉन उडवायच्या आधी कोपऱ्यातली तारीख बघा. सेलचा नंबर बहुतेक सीआर 2032 असतो. जुना काढून दुकानात दाखवा म्हणजे घोळ होणार नाही.