लूज कॉन्टॅक्टवाले भाऊ

नाव भंडाऱ्याचं आणि स्टेशन वरठीचं, हा प्रकार इथल्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. मुंबई-हावडा लाइनीवर ‘भंडारा रोड’ ही पाटी वाचून उतरलेला पाहुणा प्रत्यक्षात वरठीत उभा असतो आणि भंडारा गाठायला त्याला ऑटो शोधावा लागतो. राबायचं आपण आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, ही गावाची परंपरा हल्ली एक इसम एकट्याने पुढे चालवतो. त्याला सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. कोणी घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला बसलं आणि आवाज उमटला नाही, की भाऊंना फोन जातो. असे भाऊ मोहाडीला आहेत, तुमसरला आहेत, तुमच्याही गावात असतील. पण स्टील कंपनीची शिफ्ट सांभाळून, मालगाड्यांच्या धडधडाटात हे काम करणारा नमुना वरठीचाच.

एकेकाळी आवाज टिपून घ्यायचा म्हणजे नागपूरच्या आकाशवाणीचे उंबरठे झिजवायचे. आता भजनी मंडळातला कोणताही पोरगा मोबाइलवरून लाल डबा मागवतो. डब्याचं खरं नाव ऑडिओ इंटरफेस. माईकमधून आलेला आवाज लॅपटॉपला समजेल अशा आकड्यांत बदलणं, एवढंच त्याचं काम. सोबत माईक, हेडफोन आणि भिंतीला चिकटवायला अंड्यांचे ट्रे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं रात्र जागवतात. त्याआधी आपलं गाणं लोकांच्या मोबाइलवर पोचलं पाहिजे, अशी प्रत्येक शाहिराला घाई. त्यामुळे धान कापणीला आलं, की भाऊंचाही हंगाम लागतो.

भाऊंच्या मागच्या खिशात टेस्टर, वरच्या खिशात काळी टेप आणि चेहऱ्यावर मयतीला आल्यासारखं गांभीर्य. घरात शिरल्यावर ते डब्याकडे बघतसुद्धा नाहीत. बघतात घरमालकाकडे.

“काय झालं गा?”

“आवाजच नाई येऊन रायला, भाऊ. दोन डाव विंडोज मारली. डबाच खराब निंगाला वाटते.”

“डबा राहू दे. अगोदर पाणी पाज.”

पोरगा पाणी आणायला आत जातो. तेवढ्यात भाऊ डब्यावरचं ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटन हळूच दाबतात. कंडेन्सर माईक वीज मिळाल्याशिवाय बोलत नाही आणि ती ४८ व्होल्टची वीज डब्यातून त्याच वायरीने वर चढते. बटन दाबलं नाही, तर महागाचा माईक नवऱ्या मुलासारखा नुसता सजून बसतो. पोरगा पाणी घेऊन येतो, तोवर भाऊ एक वायर काढून पुन्हा खोचत असतात. “लूज कॉन्टॅक्ट होता,” ते जाहीर करतात. आवाज येतो, चहा येतो, मागोमाग पोहे येतात.

भाऊंचं सगळं शास्त्र संशयाच्या क्रमात आहे. लोक सर्वांत महागड्या वस्तूवर आधी संशय घेतात, भाऊ सर्वांत स्वस्त वस्तूवर. आधी वायर, मग बटन, मग माणूस. डबा सगळ्यात शेवटी. भजनी मंडळाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर कोणी नव्या माईकला लावली असेल, तर ते दारातूनच ओळखतात. डब्याकडे तीन पिनांचं तोंड गेलं पाहिजे, तिथे जाड गोल पिन खोचली की ४८ व्होल्ट माईकपर्यंत पोचतच नाहीत. एक बुवा तर आठवडाभर माईकच्या पाठीत गात होते. या माईकला समोरचं ऐकू येतं आणि मागचं जवळजवळ येत नाही. भाऊंनी बुवांशी वाद घातला नाही. “इथं उजेड बरा नाई, बुवा,” म्हणत त्यांनी माईकचा स्टँडच फिरवला. मग अर्थातच, लूज कॉन्टॅक्ट.

त्यांची एक परीक्षा मात्र बघण्यासारखी असते. रेकॉर्डिंग सुरू करायला सांगून ते करंगळीचं नख माईकच्या जाळीवर खरखर घासतात. पडद्यावरची हिरवी रेघ ढिम्म. मग तेच नख लॅपटॉपच्या काठावर. रेघ ताडकन उसळते! म्हणजे गाणं इतके दिवस लॅपटॉपच्या स्वतःच्या टिचभर माईकमध्ये जात होतं आणि कंडेन्सर माईक हारासाठी उभा होता. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट निवडायचं राहिलेलं. याच आवाजाला अख्ख्या मंडळाने ‘काय क्लिअर आहे’ म्हणून दाद दिलेली असते, त्यामुळे सत्य सांगणं धोक्याचं. भाऊ लॅपटॉप स्वतःकडे वळवतात, दोन ठिकाणी टिचक्या मारतात आणि टेपचा एक तुकडा विनाकारण वायरीला गुंडाळतात.

खंजिरीवाल्यांचं दुखणं वेगळं. खंजिरीवर थाप आत्ता पडते आणि हेडफोनात जरा वेळाने वाजते. वादक तिला गाठायला थांबतो, थांबला की ताल पडतो, ताल पडला की गायक डोळे वटारतो. “माह्या हातात काई दोष नाई ना, भाऊ?” असं साठीचा माणूस विचारतो, तेव्हा भाऊंनाही गलबलतं. दोष बफरचा. लॅपटॉप आवाजाचे १०२४ नमुने साचवून मग पुढे ढकलतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने आत येतानाच तेवीस मिलिसेकंद जातात, बाहेर पडताना तितकेच आणखी. आकडा १२८ वर आणला, की उशीर एका बाजूला जेमतेम तीन मिलिसेकंद उरतो. डब्यावर ‘डायरेक्ट’ बटन असेल तर एवढंही करावं लागत नाही. आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात येतो.

एका शाहिरांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये अचानक भरदार झाला होता. त्यांनी ते तपश्चर्येचं फळ मानलं आणि पेढे वाटले. प्रत्यक्षात डबा ४८,००० वर चालत होता आणि सॉफ्टवेअर ते ४४,१०० समजून वाजवत होतं. गाणं आठ टक्के संथ आणि पट्टी जवळजवळ पाऊण स्वर खाली! भाऊंनी दोन्ही आकडे एक केले आणि शाहिरांचा मूळचा पातळ आवाज परत आला. त्या घरी पोहे मिळाले नाहीत.

‘गुंऽऽ’ अशी घुमणारी तक्रार आली, तर भाऊ आधी लॅपटॉपचा चार्जर उपटतात. बॅटरीवर गुणगुण थांबली, म्हणजे रोग अर्थिंगमध्ये. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कोंबण्याची आपली जुनी खोड आता पन्नास हर्ट्झच्या सुरात गाऊ लागलेली असते. आवाज फाटतो तिथे गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, कमी करतात. पण लाउडस्पीकरवर वाढलेल्या गायकाला लाल दिवा पेटल्याशिवाय गायल्यासारखंच वाटत नाही. अंड्यांच्या ट्रेंबद्दल ते बोलत नाहीत. पातळ पुठ्ठा बाहेरचा आवाज अडवत नाही, हे त्यांना माहीत आहे. “दुलया टांगा, थंडीत कामी येतीन,” एवढंच सुचवतात.

दोन गोष्टींपुढे मात्र त्यांचा टेस्टर चालत नाही. एक, मे महिन्यातला कूलर. चालू ठेवला तर माईकमध्ये वादळ, बंद केला तर दुसऱ्या कडव्याला गायक चक्कर येऊन खाली. दुसरी, मालगाडी. एक्सप्रेसची वेळ ठरलेली, ती टाळून गाता येतं. “मालगाडीले टाइमटेबल नसते बाप्पा,” भाऊ म्हणतात आणि डबे मोजत बसतात.

भाऊ खोटं का बोलतात, असं एखाद्याला वाटेल. फार पूर्वी त्यांनी एकाला खरं सांगितलं होतं, तेही त्याच्या सासरच्यांसमोर: “डबा चांगला आहे, बटनच दाबलं नाई तुम्ही.” त्या माणसाने आठ दिवसांत डबा विकला आणि परत कधी तोंड उघडून गायला नाही. तेव्हापासून वरठीतला प्रत्येक बिघाड लूज कॉन्टॅक्टमुळे होतो. वायरीला अपमान नसतो, माणसाला असतो. गाणं बाहेर पडतं तेव्हा गायक, गीतकार, खंजिरी, झांज, एवढंच काय, फोटो काढणाऱ्याचंही नाव येतं. भाऊंचं येत नाही. वायर घट्ट बसवणाऱ्याचं नाव कोण छापतो?

परवा एका घरी मात्र पंचाईत झाली. भाऊंनी बटनं तपासली, इनपुट तपासलं, नख घासलं. सगळं जागच्या जागी. शेवटी पिन उघडली, तर आतली तार खरोखरच सुटलेली. भाऊंचा चेहरा उजळला. “लूज कॉन्टॅक्ट!” ते जवळजवळ ओरडले आणि पुरावा म्हणून सुटलेली तार पोराच्या नाकासमोर धरली.

पोराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून हसला. “राहू द्या ना, भाऊ. साऱ्या गावाले मालूम आहे. कोणतं बटन रायलं होतं माह्यावालं, तेवढं सांगा.”