आठवी पास बाई पाहिजे

हरयाणातल्या नूह जिल्ह्यात साधं पंच म्हणून उभं राहायचं, तर उमेदवार दहावी पास हवा. घरात चालू संडास हवा, सोसायटीचं कर्ज आणि वीजबिल थकलेलं नको. बाईला आठवी चालते, दलित बाईला पंचपदापुरती पाचवीसुद्धा. सरकार दयाळू आहे. दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोप निश्चित झाले, तरी अर्ज बाद.

तिथून दोनेक तासांवर दिल्लीत संसद आहे. तिथे लोकसभेत जायला वयाची पंचवीस वर्षं आणि पंचवीस हजारांची अनामत पुरते. खटल्याचं म्हणाल, तर दोषी ठरून शिक्षा होईपर्यंत बिनघोर. संडासाबाबत लोकप्रतिनिधित्व कायदा सभ्यपणे गप्प आहे. बरोबरच आहे. पंचाला गावचं गटार बघायचं असतं, तिथे शिक्षण हवंच. खासदाराला नुसता देशाचा अर्थसंकल्प मंजूर करायचा असतो. आणि २०१५मध्ये पंचांना ही अट घालणाऱ्या हरयाणाच्या आमदारांना स्वतःला दहावीची अट नाही. परीक्षकाने कधी पेपर सोडवायचा असतो का?

१० डिसेंबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने, या अटींना आव्हान देणाऱ्या राजबाला खटल्यात, त्या वैध ठरवल्या. बरंवाईट ओळखण्याची ताकद शिक्षणच देतं, असं निकाल सांगतो. मतदाराला ती नसली तरी चालते. त्याच्यासाठी यंत्रावर चिन्हं छापली आहेत. कर्जाबद्दलचा युक्तिवाद तर खासच: निवडणूक लढवणं महाग असतं, तेव्हा कर्जात बुडालेला माणूस त्या वाटेला जाईलच कशाला? म्हणजे ज्याला परवडत नाही, त्याला इच्छाही नसते. संडास नसण्याचं कारणही गरिबी नाही, इच्छाशक्तीचा अभाव.

२०११च्या जनगणनेत या जिल्ह्यातल्या बायकांची साक्षरता जेमतेम ३७ टक्के होती. शाळा काढायची जबाबदारी सरकारची. नापास झाली ती बाई. मग महिला राखीव जागांसाठी शिकलेल्या सुना शोधायची धांदल उडाल्याच्या बातम्या आल्या. स्त्रीशिक्षणाला एवढी मागणी सावित्रीबाईंनीसुद्धा पाहिली नसेल.

राजस्थानाने अशीच अट आणली होती, ती २०१९मध्ये मागे घेतली. हरयाणाला मात्र हसू नका. आपल्याकडे महाराष्ट्रातही १९९५पासून पुढे जन्मलेल्यांना सरपंचपदासाठी सातवी लागते, शिवाय संडास आणि दोनच मुलं. मुख्यमंत्र्याला यातलं काही लागत नाही. १४५ आमदारांपर्यंत मोजता आलं की भागतं.