शाल आणायला कोण गेलं?

परवा एका विद्यापीठात ‘उत्कृष्ट संशोधन मार्गदर्शक’ पुरस्काराचा सोहळा झाला. कोणतं विद्यापीठ ते विचारू नका; ज्याला सांगावं त्याला ते आपलंच वाटतं. पत्रिका छापून आणायला गेला तो सरांचाच पीएचडीचा विद्यार्थी. शाल-श्रीफळ आणायला गेला तोही तोच. आणि त्याआधी दोन महिने पुरस्काराचा अर्जही त्यानंच भरला होता, ‘तुझं टायपिंग चांगलंय’ या गुणवत्तेवर. अर्जात ‘विद्यार्थ्यांना दिलेला वेळ’ असा एक रकाना होता. तिथं काय लिहू, असं त्यानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, “लिही काहीतरी. मला आत्ता वेळ नाही.”

मानपत्रही अर्थात त्यानंच लिहिलं. लिहून झाल्यावर हाताला लागलेल्या सवयीनं ते साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. निघालं ६४ टक्के. ज्ञानाची समई, परिसस्पर्श, विद्यार्थ्यांचा दीपस्तंभ, सगळं मागच्या तीन विजेत्यांच्या मानपत्रांतून जसंच्या तसं आलेलं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार साम्य ६० टक्क्यांच्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. मानपत्रांना हा नियम नाही. असता तर महाराष्ट्रात एक सत्कार धड पार पडला नसता.

गैरसमज नको, पुरस्काराला माझी ना नाही. उलट गाईडच्या कामाइतकं न दिसणारं काम विद्यापीठात दुसरं नसेल. तिसऱ्या प्रकरणाचा चौथा मसुदा रात्री अकराला वाचून समासात ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढंच लिहायचं, आणि त्या चार शब्दांनी पोराचं वर्ष वाचवायचं. ‘या विषयात माझ्यापेक्षा त्या दुसऱ्या मॅडमना जास्त कळतं, त्यांच्याकडे जा’ हे वाक्य तोंडातून काढायचं (विभागात त्या मॅडमशी चार वर्षं बोलणं बंद असतानाही). कागद जुळत नाहीत हे दुसऱ्याच वर्षी ओळखून विषय बदलायला लावायचा. असे गाईड आहेत. मी पाहिलेत. ते सहसा सत्काराला मागच्या रांगेत असतात आणि चहाच्या आधी निघून जातात.

कारण या कामाला रकाना नाही. रकाना आहे तो आकड्याला. यूजीसीच्या हिशेबात प्राध्यापकाकडे एका वेळी पीएचडीचे ८ विद्यार्थी चालतात, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायकाकडे ४. बढतीच्या गणितात विद्यार्थ्याला पदवी मिळाली की गाईडला १० गुण, नुसता प्रबंध दाखल झाला की ५. समासातल्या त्या चार शब्दांचे गुण शून्य. म्हणजे ज्यानं चार विद्यार्थ्यांना खरोखर विचार करायला शिकवलं त्याचे ४०, आणि ज्यानं आठ जण ‘काढले’ त्याचे ८०. (‘काढले’ हा शब्द माझा नाही. “सरांनी यंदा तीन काढले,” असं आमच्याकडे सर्रास बोलतात. ऊस काढावा तसं.) पुरस्कार समितीला बेरीज येते, तेव्हा पुरस्कार ८० गुणांच्या घरी जातो.

अर्जाला ‘विद्यार्थ्यांचे अभिप्राय’ही जोडायचे असतात. कोणत्या विद्यार्थ्यांचे? तर आत्ता हाताखाली असलेल्यांचे. यांना दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर सरांची सही लागते, फेलोशिपच्या कागदावर लागते, सिनॉप्सिसवर लागते. हळदीकुंकवाला शेजारी सासू बसलेली असताना सुनेला विचारावं, “सासूबाई कशा आहेत हो?” तसाच हा प्रकार. अभिप्राय शंभर टक्के उत्कृष्ट येतात. एकानं म्हणे ‘अति उत्तम’ऐवजी नुसतं ‘उत्तम’ लिहिलं होतं. त्याची सिनॉप्सिस अजून टेबलावर आहे.

‘नेचर’ हे विज्ञानसाप्ताहिक २००५पासून मार्गदर्शनासाठी पुरस्कार देतं. तिथं नाव सुचवायचं ते वेगवेगळ्या काळात हाताखालून गेलेल्या पाच जुन्या विद्यार्थ्यांनी. ज्यांची आता एकही सही अडकलेली नाही, अशांनी. साधीच युक्ती आहे. आपल्याकडे लागू केली तर पहिली दोन-तीन वर्षं पुरस्कार रिक्त ठेवावा लागेल, तेवढीच शालींची बचत.

गाईड कसा असतो याचे नमुने शोधायला आपल्याला खरं तर फार लांब जायला नको. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये समाजशास्त्र शिकवत. मार्क्सवादाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्याच हाताखाली अ. र. देसाईंनी १९४६मध्ये पीएचडी केली, भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर, आणि तीही चक्क मार्क्सवादी चष्म्यातून. १९४८मध्ये तिचं पुस्तक झालं, आजही वाचलं जातं. आता आजच्या एखाद्या सरांना सांगून पाहा, की सर, तुमची भूमिका मला पटत नाही, मी उलट बाजूनं मांडणार आहे. सर हसून “मांड की” म्हणाले, तर त्यांच्या सत्काराची शाल मी स्वखर्चानं देईन. पैठणीच देईन.

त्याहून मला आवडतो तो एडविन कॅनन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी. १९२३मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे आंबेडकरांचं पुस्तक निघालं, त्याला कॅननची प्रस्तावना आहे. आपल्याकडच्या प्रस्तावना ज्यांनी वाचल्यात त्यांनी ही जरूर वाचावी. गुरुजी सरळ सांगतात की आंबेडकरांचे बरेच युक्तिवाद मला मान्य नाहीत. आणि तितक्याच सरळपणे सांगतात की जिथं ते मला चुकलेले वाटतात तिथंही विचारांचा ताजेपणा आहे. हे खासगी पत्रात नाही, छापील पुस्तकाच्या दारातच, खाली स्वतःची सही करून. आमच्याकडे मतभेद झाला की गाईड बदलावा लागतो, आणि गाईड बदलायलाही जुन्या गाईडचीच ना-हरकत लागते.

तर परवाचा सोहळा. कुलगुरू उशिरा आले, मानपत्र ज्यांनी वाचलं त्यांनी ‘परिसस्पर्श’चा ‘परीक्षास्पर्श’ केला, आणि मला वाटतं सबंध मानपत्रात तेवढाच एक शब्द मूळ आणि खरा होता. सरांनी उत्तरादाखल चाळीस मिनिटं संशोधनातल्या शिस्तीवर भाषण केलं. आमचा संशोधक कडेला उभा राहून फोटो काढत होता, त्यामुळे एकाही फोटोत तो नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं फ्रेम, नारळ आणि तीन पुष्पगुच्छ सरांच्या गाडीपर्यंत नेले. सरांनी काच खाली केली.

“फ्रेम आडवी ठेव रे, काच आहे. आणि तुझं ते तिसरं प्रकरण अजून आलं नाही माझ्याकडे.”

“सर, मार्चमध्ये दिलं होतं.”

“हो का?” सर म्हणाले. “कुठल्या मार्चमध्ये?”