बॉयलर गळतोय? आधी डबा शोधा

ब्रिटनमध्ये बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कळतं, की घराचा कर्ता पुरुष आपण नसून स्वयंपाकघरातल्या कपाटात टांगलेला तो पांढरा बॉयलर आहे. एक दिवस त्याच्या बुडाशी थेंब दिसतात, हीटिंगवाल्याचा दर कानावर पडतो आणि घरातला सुप्त इंजिनिअर जागा होतो. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी. तो सॉफ्टवेअरचा असला तरी चालेल.

पहिली पायरी, जी सगळे गाळतात: पाणी कुठलं ते ओळखा. दाबाचा काटा बघा. बॉयलर थंड असताना तो साधारण एक ते दीड बारवर असतो. रोज खाली सरकत असेल तर गळतंय ते रेडिएटरमधून फिरणारं पाणी, बॉयलरच्या सांडपाण्याच्या पाइपवरचा ट्रॅप बिचारा निर्दोष. काटा हलत नाही आणि थेंब बॉयलर पेटल्यावरच पडतात, तर मात्र ट्रॅपवर संशय घ्यायला जागा आहे.

आता थोडं शास्त्र, म्हणजे बायकोपुढे बोलायला बरं पडतं. 2005 पासून इंग्लंडमध्ये बसवलेले गॅस बॉयलर बहुतेक कंडेन्सिंग जातीचे. बाहेर जाणाऱ्या धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही ते वसूल करतात. कोकणस्थाला शोभेल असं यंत्र. त्या वाफेचं जे पाणी होतं ते आम्लधर्मी असतं, म्हणून त्याचा पाइप प्लास्टिकचा, तांब्याचा नाही. वाटेत ट्रॅप. बेसिनखालच्या वाकड्या पाइपासारखं त्यात कायम थोडं पाणी उभं असतं. बेसिनखाली ते गटाराचा वास अडवतं, इथे जळलेल्या गॅसचा धूर.

दुसरी पायरी: मॅन्युअल वाचा. हो, खरंच. ट्रॅप बॉयलरच्या सीलबंद आवरणाच्या आत असेल, किंवा त्याला हात लावायची परवानगी मॅन्युअल देत नसेल, तर तुमचं शिक्षण इथेच पूर्ण झालं. गॅस सेफ रजिस्टरमधला माणूस बोलवा. (2009 पर्यंत गॅसवाल्यांची नोंदणी कॉर्गीकडे होती, जुने शेजारी अजून तेच नाव घेतात.) त्याचं ओळखपत्र मागा आणि उलटवून बघा. कुठली कामं करायला तो पात्र आहे, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

ट्रॅप बाहेर, खाली लोंबत असेल आणि मॅन्युअलची हरकत नसेल, तर बाह्या सरसावा. भिंतीवरचं बटण बंद करा, बॉयलर निवू द्या. खाली बादली मावत नाही. आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या, मराठी घरात तो धुऊन ठेवलेला असतोच. जोडणीचा फोटो काढा. नट हाताने सोडवा. आतून काळपट गाळ निघेल, त्याकडे फार वेळ बघू नका. पुष्कळदा ट्रॅप ठणठणीत असतो आणि कडक झालेला रबरी वॉशर तेवढा चिरलेला असतो. बॉयलरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर सांगून तेवढाच मागवा.

एव्हाना पुण्याहून मामांचा व्हिडिओ कॉल येईल. ते एम-सील सुचवतील. मान डोलवा, लावू नका.

नवा भाग आटे सरळ बसवून हातानेच आवळा. पकड आणून जोर काढलात की प्लास्टिक तडकलंच.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप वाचायचा ती गोष्ट: सुरू करण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी भरा. कोरडा ट्रॅप म्हणजे धुराला, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसह, घरात यायला उघडं दार. त्या वायूचा अलार्म घरात नसेल तर आधी तो आणा, असेल तर बटण दाबून तो वाजतो का बघा.

बॉयलर सुरू करा, जोडाखाली टिशू धरा. कोरडा राहिला तरी लगेच बायकोला हाक मारू नका. अर्धा तास थांबा.